चूलबंद आवतण

शेजारच्या घरातल्या महालक्ष्म्या उठल्या, मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या बाजूनं ढग चढायला लागले आणि दुपारीच दिवा लावायची वेळ आली, की आमच्या घरी पंधरा-वीस दिवस खिचडी होत नाही. असा काही नियम केलेला नाही. बायकोच्या ते केव्हातरी ध्यानात आलं आणि त्या दिवसांत ती वरण वेगळं, भात वेगळा करायला लागली. मुलगा चेष्टा करतो, "बाबांचं सप्टेंबरचं पथ्य सुरू झालं का?" मी हसून घेतो. पोटाचं पथ्य असतं तर बरं झालं असतं, एखाद्या गोळीनं भागलं असतं.

काल पुन्हा तसंच आभाळ आलं. मी गच्चीवर होतो. रिटायर माणसाला आभाळाकडे बघायला वेळच वेळ. समोरच्या गच्चीवरचे काका भलते खुशीत होते. "रब्बीची सोय झाली बघा!" त्यांचं बराबर आहे. आमच्याकडचा माणूस पावसाला नावं ठेवत नाही. जिथं हंडाभर पाण्यासाठी बायकांनी मैलभर चालायचं, तिथं पाऊस जास्त झाला म्हणून तक्रार करणारा येडाच ठरेल. मीही मान हलवली. पण कठड्यावरचा माझा हात इतका घट्ट आवळलेला होता, की तो बायकोनं वर येऊन सोडवला तेव्हा मला कळलं.

पूर आला त्या साली नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली होती. तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. जिल्हा नवा होऊन फार दिवस झाले नव्हते, पण टंचाईची फाईल मात्र उशीएवढी जाड झाली होती. टँकर कुठून भरायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, चारा कुठल्या रस्त्यानं आणायचा. पावसानं पाठ फिरवली की काय करायचं ते आम्हाला झोपेतून उठवून विचारा. पुराची फाईल नव्हतीच. एका दुपारी गावोगावहून निरोप यायला लागले, अमुक गाव पाण्यात, तमुक पूल गेला, तेव्हा साहेबांनी शिपायाकडून कपाट उपसून घेतलं. त्यातून एक पिवळं पडलेलं पाकीट निघालं. आत वीज पडून मेलेल्या बैलाचा पंचनामा होता. तोच नमुना समोर ठेवून आम्ही कामाला लागलो. आज हसू येतं. तेव्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

मला एक गाव नेमून दिलं. एक जीप, तांदळाची पोती, डाळ, मीठ, तेलाचा डबा, पाण्यात टाकायची पावडर आणि गावातल्या शिधापत्रिकांची यादी. हुकूम एका ओळीचा होता: कुणी उपाशी राहता कामा नये. पुढच्या तीन दिवसांत एका बाळंतिणीचा जीव मी लिहिलेल्या एका ओळीवर अडकला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सांगायची गोष्ट एवढीच आहे. ती सांगायला मला अर्धं आयुष्य लागलं.

गावाचं नाव लिहीत नाही. तीर्थपुरीच्या बाजाराला येणारं एक गाव, एवढं पुरे. वडीगोद्रीला हायवेवरच्या दुकानदारांनी आमची जीप थांबवून गूळ, मुरमुरे, दोरखंड, जे हाताला लागेल ते आत टाकलं. एका मंडपवाल्यानं लग्नातली दोन मोठाली पातेली दिली आणि वर म्हणाला, "साहेब, परत करायची जल्दी न्हाई. औंदा कोणाची लग्नं व्हणारेत?" मी जीप पुढं घ्यायला सांगितली. पुढचा रस्ताच कुठं दिसत नव्हता.

गावात पोचलो तेव्हा पाणी येऊन एक दिवस झाला होता. ते आलं म्हणे भर दुपारी. गावात नुसती भुरभुर चालू होती, बायका ओढ्यावर धुणं धूत होत्या. वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध गेला आणि ज्या ओढ्यातून वर्षातले दहा महिने पायवाट जाते, त्या ओढ्यानं अर्ध्या तासात गाव धुऊन नेलं. माळवदाची घरं होती, मातीच्या भिंतींची. भिंती विरघळून गेल्या होत्या आणि लाकडी खांब तेवढे उभे होते. एका गोठ्यात दोन म्हशी खुंट्याला बांधलेल्या तशाच मरून पडल्या होत्या. लिंबाच्या झाडात सायकल अडकली होती, तिचं पुढचं चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं. कणग्यांमधली ज्वारी फुगून बाहेर आली होती आणि तिचा आंबूस वास सगळ्या गावावर बसला होता. सगळ्यात भीती वाटली ती शांततेची. इतकी माणसं रस्त्यावर बसलेली, आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या भागातल्या माणसाला दुष्काळात काय बोलायचं ते माहीत असतं. पुरात काय बोलायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

गावातली शाळा उंचावर, म्हणून वाचलेली. तिथं चुलवण पेटवलं. दोन पातेली खिचडी चढवली आणि कोतवालाला सांगितलं, हलगी घेऊन जा आणि ओरडून सांग, ज्याला गरज असेल त्यानं शाळेत येऊन जेवावं. तो गेला. हलगी वाजली. खिचडी शिजली. आम्ही पळसाच्या पत्रावळ्या मांडून बसलो.

तिघं आले. एक आंधळे आजोबा आणि पुरात अडकून पडलेलं, बांगड्या विकणारं परगावचं एक जोडपं.

मला वाटलं, हलगी ऐकू गेली नसेल. पुन्हा पाठवलं. दुपार उतरायला लागली, खिचडीवर पापुद्रा धरला, कुणी नाही. मी चिडलो. मला चीड लवकर येते, तेव्हा तर फारच लवकर यायची. माणसं उपाशी, समोर अन्न, आणि येत नाहीत म्हणजे काय? तरातरा देवळाकडे गेलो. पायरीवर गंगूबाई बसल्या होत्या. गावातलं मोठं घर त्यांचं, साठीच्या बाई, अंगावरचं लुगडं अजून ओलं. घराचा एक कोपरासुद्धा राहिला नव्हता. मी म्हणालो, "काकू, चला, जेवून घ्या."

"झालं की आमचं जेवण," त्या म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी नातू बसला होता. तो मुठीतली फुगलेली कच्ची ज्वारी चावत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांनी पदरानं त्याची मूठ झाकली.

"काकू, कशाचं जेवण? गावात एक चूल पेटलेली नाही."

त्यांनी ओला पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिकलेले. ज्याला गरज असंल त्यानं या, असं हलगी वाजवून सांगत्यात व्हय? माझ्या दारात दरसाल भंडाऱ्याला शंभर पान उठतंय. आता मी ताटली घेऊन सगळ्यांदेखत गरज हाये म्हणून उभी राहू? कोणी आवतण देलं का आम्हाला?"

घर गेलं, म्हशी गेल्या, पोटात आदल्या दिवसापासूनचा खड्डा, आणि ही बाई आवतणाचं बोलतेय! पण खरं सांगायचं तर दुसऱ्याच क्षणी मला ते पटलं. न बोलावता दुसऱ्याच्या पंगतीला जाणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या दिवशी मी त्या वाटेनं फार आत गेलो नाही. जाऊन आलो असतो तर बरं झालं असतं.

गावात आवतण द्यायचं काम गुरवाचं. महादूमामा गुरव, वाळलेल्या अंगाचे, त्यांचंही घर पडलेलं. त्यांना शोधून काढलं. म्हणालो, "मामा, सगळ्या गावाला आवतण द्या. शाळेत पंगत आहे म्हणून सांगा. आणि चूलबंद द्या." चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. ज्या गावात पेटवायला चूलच उरली नव्हती त्या गावाला मी चूलबंद आवतण देत होतो. महादूमामांनी ओढ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं, कपाळाला बुक्का लावला, कुठून तरी एक कोरडं उपरणं पैदा केलं. "देतो की," ते म्हणाले. "दरसाल भंडाऱ्याचं देतो, तसंच घरोघर देतो. एक घर चुकणार न्हाई."

आणि ते गेले. जिथं घर होतं तिथं, आता मातीचा ढीग, त्या ढिगासमोर थांबायचे. घरधन्याचं नाव घ्यायचे. हात जोडायचे. "शाळेत जेवायला या बरं का. चूलबंद आवतण हाये." आणि ढिगावर बसलेला माणूस उठून, धोतर झटकून म्हणायचा, "येतो, येतो."

माणसं आली. बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या, पुरुष पाय धुऊन बसले. चार ओळींची पंगत बसली. कुणीतरी सवयीनं श्लोक म्हटला. गंगूबाई स्वतः पदर खोचून वाढायला उभ्या राहिल्या, "घ्या अजून, लाजू नका" म्हणायला लागल्या, आणि बघता बघता त्या उद्ध्वस्त गावात लग्नघरासारखा आवाज सुरू झाला. मी शाळेच्या खांबाला टेकून उभा होतो आणि रडत होतो. मला वाटलं, मला माणसं कळली. किती माज असतो अशा वाटण्यात!

दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळच्या पंगती झाल्या. विहिरीत पावडर टाकली. दुपारी साहेब जीपनं आले. इतर गावांत खिचडीवरून मारामाऱ्या झाल्या होत्या, कुठं पोती पळवली होती, आणि इथं लोक हात जोडून जेवत होते. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "सगळं गाव झालं?" मी महादूमामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सगळं झालं, एक घर चुकलं न्हाई." मी शिधापत्रिकांची यादी काढली आणि नावं न वाचता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानावर एक उभी रेघ मारली. खाली लिहिलं: "गाव पूर्ण. एकही कुटुंब वंचित नाही." सही केली. माझी सही तेव्हा फार झोकदार होती.

आता लिहितो ते लिहायला हात जड होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला म्हणून ओढ्याकडे गेलो, जरा लांब, वळणापलीकडे, शाळेवरून जो भाग दिसत नव्हता तिथं. पाणी आदल्या दिवसापासूनच उतरलेलं होतं, गुडघाभर राहिलं होतं. पलीकडच्या काठावर एक म्हातारी बाई वाकून घागरीत गढूळ पाणी भरत होती. मी ओरडलो, "बाई, ते पाणी पिऊ नका! वर ढोरं मरून पडलीत!"

तिनं वर पाहिलं. "मंग कोणतं पिऊ?" ती म्हणाली.

मी बूट हातात घेऊन पाण्यात उतरलो. पलीकडे बाभळी होत्या, आणि बाभळींच्या मागं उंचवट्यावर वस्ती होती. होती म्हणजे, तिची माती होती. अकरा घरं. माणसं एका फाटक्या ताडपत्रीखाली दाटीनं बसलेली. बाभळीच्या फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक तसबीर टांगली होती. पिशवीतून निळा कोट दिसत होता. मला ती तसबीर ओळखायला पिशवी उघडायची गरज नव्हती. माझ्या घरात, जाफराबादकडच्या आमच्या वस्तीतल्या घरात, अगदी तशीच तसबीर माझ्या बापानं भिंतीवर लावलेली होती.

मी खाली बसलो.

त्या बाईचं नाव राहीबाई. घागर उतरवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी विचारलं, "तीन दिवस तुम्ही काय खाल्लं?" म्हणाल्या, भिजलेली ज्वारी चावली, पोरांना शेंगदाणे होते मूठभर, काल तेही संपले. मी विचारलं, "मग पलीकडे का नाही आलात? पाणी तर कालच उतरलं होतं. शाळेत जेवणं चालू होती."

"ठावं हाये. वास येऊन राह्यला व्हता. पंगतीचा आवाज बी येत व्हता."

"मग?"

"आवतण न्हाई आलं, साहेब."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादी गोष्ट जशी आहे तशी सांगावी, तसं त्यांनी सांगितलं. पुढं म्हणाल्या, "न बोलावता गेलं तर काय व्हतं ते आम्हाला म्हाईत हाये. तुम्हाला कसं म्हाईत असणार? तुम्ही कोण्या गावचे?"

मी गावाचं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, आणि आमच्या भिंतीवरही अशीच तसबीर आहे, हेही सांगितलं. माझं आडनाव असं आहे, की त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि नोकरीत त्या आडनावाचा मी मजेत आडोसा केला होता. कचेरीत निम्म्यांना माहीत नव्हतं. गंगूबाईंना माहीत नव्हतं. राहीबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आगं माय," त्या म्हणाल्या. "मंग तू तर आपलाच की रे."

मला कुणी मारलं असतं तर चाललं असतं. आमच्या गावात हनुमान जयंतीची पंगत बसायची, तेव्हा माझी आई मला हाताला धरून घरात बसवायची. बोलावल्याबिगर जायचं न्हाई, म्हणायची. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. गावचा गुरव वेशीपर्यंत यायचा आणि तिथून वळायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या कुठल्या कारकुनाला हे सुचलं नसतं तर मी समजू शकलो असतो. मला? मी पाहिलेलं गाव मीच विसरलो होतो. महादूमामा म्हणाले, दरसालसारखं देतो, आणि ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मी उलट खूश झालो होतो.

"इकडं ये," राहीबाई म्हणाल्या.

ताडपत्रीच्या आडोशाला, चार दगडांवर घराचं दार आडवं टाकलं होतं आणि त्यावर त्यांची सून पडली होती. शोभा. वीस-एकवीस वर्षांची असेल. पूर आला तेव्हा बाळंत होऊन तिला सहा दिवस झाले होते. नवरा अशोक जालन्याच्या मोंढ्यात हमाल, रस्ते तुटल्यानं तिकडंच अडकलेला. पोटात अन्न नाही आणि हे पाणी, त्यानं तिला हगवण लागली होती. ताप होता. दूध आटून गेलं होतं. कुशीत लुगड्याच्या तुकड्यात मुलगी होती, ती रडण्यासारखं तोंड करायची पण आवाज निघत नव्हता. शोभानं डोळे उघडून मला पाहिलं आणि पदर सावरायला गेली. एवढ्या तापात. साहेब आलेत म्हणून.

मी धावत शाळेत आलो. जीप काढली. मीठ-साखरेचं पाणी, खिचडी, जे होतं ते पलीकडे पाठवलं. आम्ही तिला दारासकट उचललं आणि ओढा ओलांडून जीपमध्ये ठेवलं. तीर्थपुरीचा रस्ता चिखलानं भरलेला. जीप रुतायची, माणसं उतरून ढकलायची. मी मागं राहीबाईंजवळ बसलो होतो. शोभाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो, ते ओघळून येत होतं. एकदा ती सासूला म्हणाली, "आत्या, पोरीला पाजा काही." तिसऱ्यांदा जीप रुतली तेव्हा राहीबाईंनी माझा हात धरला आणि चमचा काढून घेतला. म्हणाल्या, "राहू दे आता."

तीर्थपुरी तिथून दोन-तीन मैल राहिली होती.

पोर जगली. शेळीच्या दुधावर राहीबाईंनी तिला वाढवलं, हे आधीच सांगून टाकतो.

परत आलो तेव्हा माझ्या अंगात सैतान शिरला होता. महादूमामांचं उपरणं धरून त्यांना हलवलं. "तुम्ही म्हणालात एक घर चुकलं नाही!" त्यांना आधी कळेचना मी काय बोलतोय. कळलं तेव्हा ते भिंतीला टेकले. "साहेब, बापानं मला जी घरं दाखवली ती मी केली. तिकडचं एक बी घर मला कोणी कधी दाखवलं न्हाई." त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या माणसानं काही लपवलं नव्हतं. त्याच्या मनात ती अकरा घरं गावात कधी आलीच नव्हती. यादीवर रेघ मी मारली होती, आणि यादीच्या शेवटच्या पानावर ती अकरा नावं होती. मी नंतर पाहिली. चौथं नाव राहीबाईंच्या नवऱ्याचं.

गंगूबाई जवळ उभ्या राहून ऐकत होत्या. "कोण? शोभा?" त्या म्हणाल्या. "माझ्या रानात खुरपायला यायची की ती. मागल्या महिन्यात पोट घेऊन आल्ती. मीच म्हणले, आता बस घरी." एवढं बोलून त्या खाली बसल्या. हातात वाढायचा डाव होता, तो तसाच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीन दिवस झाले, मला तिची याद कशी आली न्हाई?" त्या संध्याकाळी शाळेत पंगत बसली, पण कुणी श्लोक म्हटला नाही. पलीकडची माणसं आली नाहीत. मी स्वतः गेलो, एकेका घरासमोर उभा राहून हात जोडले. राहीबाईंनी डोकं हलवलं. "तू आपला. आपल्यानंच आपल्याला बोलावलं, त्यात काय आलं? ज्याची पंगत हाये त्यानं यावं." मी शिधा त्यांच्याकडं वेगळा पोचवला. तो त्यांनी घेतला.

चार दिवसांनी कचेरीत मयतांची माहिती भरायची होती. शोभाचं नाव लिहिलं, कारणाच्या रकान्यापाशी थांबलो. साहेबांनी कागद पाहिला. वाईट माणूस नव्हता तो. आठवडाभर झोपलेला नव्हता. म्हणाला, "उपासमार कसं लिहिता? वर तुम्हीच लिहिलंय ना, गाव पूर्ण म्हणून? दोन्ही कागदांवर तुमचीच सही असणार. दोन्ही खरं कसं असेल?" आणि मग हळूच, माझ्या भल्यासाठी, "ती बाळंतीण होती, ताप होता. आजार लिहा. बिलकुल खोटं नाही त्यात." बायको तेव्हा पोटुशी होती. नोकरी जेमतेम सहा वर्षांची, गावी भावंडं शिकत होती. ही कारणं मी तेव्हा मनात मोजली, आणि आजही मोजतो. मी आजार लिहिलं. सही केली, पण ती झोकदार आली नाही. त्या शब्दानं ती पुरातल्या मयतांमधून निघाली, आणि त्या घराला पुरानंतर जी मदत मिळायची तीही गेली.

महिना उलटायच्या आत अशोक कचेरीत आला. मोंढ्यात पोती उचलून रुंद झालेला खांदा, अंगात पांढरा सदरा. मला वाटलं, हा आता माझी गचांडी धरणार, आणि धरली तर मी धरू देणार होतो. त्यानं हात जोडले. "शोभाचं पुण्यानुमोदन हाये परवा. आईनं धाडलंय मला. म्हणली, त्याला चूलबंद दे. वहिनींना बी घेऊन या."

मी एकटाच गेलो. बायकोला काय सांगू? वस्तीवर नव्या पत्र्याची खोपटी उभी राहिली होती. तसबीर आता खांबाला लावलेली, समोर मेणबत्ती. बुद्धवंदना झाली. मग पंगत बसली. राहीबाईंनी मला ओळीत मधोमध बसवलं. भात, वरण, वांग्याची भाजी. त्या स्वतः वाढत होत्या, छातीशी लुगड्यात बांधलेली नात. माझ्यापाशी आल्या, भात घातला, वरणाचा वाडगा कलता केला आणि तसाच धरून थांबल्या.

"शोभाचं कागदावर काय लिहिलंस रे?"

ओळीतली माणसं जेवायची थांबली नाहीत. कदाचित त्यांनी ऐकलं नसेल.

"आजार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. वरण वाढलं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मंग भूक कुठं लिहिलीस?"

माझं पान संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या, आणि मी ते संपवलं. शेवटच्या घासापर्यंत मला वाटत होतं की काहीतरी बोलावं. हात धुऊन, पाया पडून मी एसटी पकडली.

नोकरीत असताना ती भूक मी कुठंच लिहिली नाही. बढती घेतली, बदल्या घेतल्या, निरोपसमारंभात शाल घेतली. त्या वर्षाच्या कागदांत माझी ती ओळ अजून असेल, नाहीतर वाळवीनं खाल्ली असेल. राहीबाई वारल्या. आता ती ओळ बदलायची सत्ता माझ्याकडं नाही, पण लिहायला मला कुणी अडवणार नाही. म्हणून लिहितो. गाव पूर्ण नव्हतं. ओढ्यापलीकडची अकरा घरं राहिली होती. शोभा सहा दिवसांची बाळंतीण होती आणि तीन दिवस उपाशी होती. ती भुकेनं मेली, आणि यादी माझ्या हातात होती.